भरतीबाईंचं बिऱ्हाड

भरतीबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि घरात यजमानांच्या तोंडी होतं. बाकी सगळं हॉस्पिटल त्यांना भरतीबाईच म्हणायचं. चोवीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली. एका जाडजूड पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना कमरेतून जी कळ गेली ती कायमची मुक्कामाला आली. डॉक्टर म्हणाले, आता उचलाउचल बंद. मग नर्सिंग ऑफिसात त्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि काम मिळालं नर्सभरतीचं. जाहिरात द्यायची, अर्ज चाळायचे, मुलींना मुलाखतीला बोलवायचं, नेमणुकीची पत्रं हातात द्यायची. वॉर्डबॉयमंडळी जिन्यात एकमेकांना डोळा मारून म्हणायची, "बाईंचं नाव भरती, पण खात्यात कायम ओहोटी." ते बाईंच्या कानावर गेलं होतं. त्यांना हसूच आलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

हॉस्पिटलची नवी इमारत सात मजली. त्यातला पाचवा आणि सहावा मजला बांधून झाल्यापासून कुलपात होता. खाटा आल्या होत्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं, भिंतीतून ऑक्सिजनच्या नळ्या बाहेर आल्या होत्या. नर्सेस तेवढ्या नव्हत्या. दर सोमवारी बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर जायच्या आणि एकेक नळ सोडायच्या, पाइप गंजू नयेत म्हणून. खाली कॅज्युअल्टीत माणसं जमिनीवर गादी टाकून पडलेली असायची आणि वर नव्याकोऱ्या बेसिनांतून पाणी नुसतं वाहून जायचं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, पाणी गढूळचं स्वच्छ होईपर्यंत.

मुली येत नव्हत्या असं नाही. लांबलांबच्या गावांहून यायच्या, बरोबर वडील नाहीतर मोठा भाऊ. सर्टिफिकिटं प्लॅस्टिकच्या फायलीत, केस चापूनचोपून बांधलेले. अकराला मुलाखत, साडेबाराला पत्र हातात. तिथून त्या खोली बघायला म्हणून जायच्या. चारच्या सुमाराला परत यायच्या तेव्हा बाईंना चेहरा वाचायची गरज नसायची, चपलांवरची धूळ बघितली तरी पुरायचं. कुणी म्हणायची, घरी विचारून कळवते. कुणाचे वडीलच बोलायचे, की बाई, मुलीचा सगळा पगार त्या खोलीवाल्याच्याच घशात जाणार, मग तिनं खायचं काय आणि आम्ही तिला एवढ्या लांब पाठवायची कशाला. एका मुलीनं तर काही न बोलता पत्र टेबलावर पालथं ठेवलं, नापास झाल्याची उत्तरपत्रिका ठेवावी तसं, आणि गेली.

आधी असं नव्हतं. हॉस्पिटलच्या आवारातच सिस्टर होस्टेल होतं, तीन मजली, लांब व्हरांड्यांचं. भरतीबाई स्वतः तिथे चार वर्षं राहिल्या होत्या. ते पाडलं आणि त्या जागी तपासण्यांचं मोठं केंद्र आलं, खाली गाड्या लावायला जागा. हॉस्पिटलचं नाव झालं. नाव झालं तसे लांबलांबचे पेशंट यायला लागले आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या घरमालकांना नवी अक्कल सुचली. महिन्यानं नर्सला खोली कशाला द्यायची, दिवसावर पेशंटच्या नातेवाइकांना द्यावी. आत ज्याचं माणूस पडलंय तो घासाघीस करत नाही. हॉस्पिटल जेवढं मोठं होत गेलं तेवढ्या नर्सेस लांब ढकलल्या गेल्या. हे सगळं भरतीबाईंनी एका मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा विषय काढला तो कँटीनच्या फुटलेल्या कपांचा.

मग बाईंनी आपल्या परीनं एक वही केली. कुठे खोली रिकामी आहे, मालक कसा आहे, पाणी किती वेळ येतं. एक मालकीण रात्री दहाला फाटक लावायची आणि नाइट ड्यूटीची मुलगी नको म्हणायची. एका खोलीचं दार उघडायचं तर आधी खाट उभी करावी लागे. बाई मुलींना सांगायच्या, "लहान आहे गं, पण हवेशीर आहे." संध्याकाळी घरी हे सांगितलं की यजमान पोट धरून हसायचे. म्हणायचे, "अगं, नर्सगिरी सोडून तू दलाली कधी धरलीस?"

यजमानांना सगळे 'सर' म्हणायचे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं बरण्या पुसल्या आणि बर्नर पेटवून दिले. फळ्यापुढे एकदाही उभे राहिले नाहीत, पण मुलं सर म्हणायची, मग शेजारीही म्हणायला लागले. नवराबायको दोघं राहायची ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये, लाँड्रीच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक चिंचोळी बाल्कनी. सकाळभर लाँड्रीची वाफ वर यायची, त्यामुळे बारा वाजेपर्यंत खिडकी उघडायची सोय नव्हती. आतल्या भिंतीला दरवर्षी ओल धरायची. सर म्हणायचे, "घर आपलं नाही, पण ओल आपली." एकोणीस वर्षं त्यांनी तिथे काढली. स्वतःची जागा घ्यायची म्हणून दोघांनी पोटाला चिमटे काढून पैसा बाजूला टाकला होता. पण जमवाजमव होईपर्यंत भाव पुढे गेलेले असायचे, आणि तिथवर पोचावं तर आणखी पुढे. शेवटी दोघांनी तो विषय काढणंच सोडून दिलं.

क्वार्टर नोकरीबरोबर मिळालेलं, नोकरीबरोबर जाणार. निवृत्तीनंतर तीन महिने, मग किल्ली टेबलावर. भरतीबाईंच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते.

त्यांची एकुलती एक लेकही नर्स होती. सहा वर्षांपूर्वी ती शिकून बाहेर पडली तेव्हा बाईंनीच तिला सांगितलं होतं, "कुठेही जा, पण इथे नको." ती गेली ती बस जिथे संपते अशा एका गावी, छोट्याशा प्रसूतिगृहात. तिथे एक डॉक्टरीणबाई आणि ही. बऱ्याचदा डॉक्टरीणबाई पोचायच्या आतच बाळ हिच्या हातात आलेलं असायचं. राहायला अर्धं घर होतं, पुढे अंगण, भाडं नावाला. तिचा फोन आला की मागून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू यायचा. सर एकदा आठवडाभर तिच्याकडे राहून आले आणि पुढे कितीतरी दिवस त्यांच्या बोलण्यात ते अंगणच होतं.

एका दुपारी मेट्रननं बाईंना आत बोलावलं. दोघी एकाच बॅचच्या. पाडलेल्या होस्टेलात दोघींत एक खोली आणि एक इस्त्री होती. चारचौघांत अहो-जाहो, दार लोटलं की अगं-तुगं. आज मेट्रननं दार लोटून घेतलं.

"तू सुटशील, पण क्वार्टरचं काय करणार आहेस?" तिनं विचारलं. "कमिटीनं नवीन वाट काढलीय. निवृत्त होणाऱ्याचं मूल नर्स असेल आणि इथे लागत असेल, तर क्वार्टर त्याच्या नावावर. सात वर्षांचा बाँड. त्यांना नर्स मिळते, तुमचं छप्पर राहतं."

"माझ्या मुलीला इथे यायचं नाहीये."

"हे ती म्हणाली, का तू?"

 भरतीबाई विचार करते म्हणाल्या आणि बाहेर आल्या. घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली, यजमानांना सांगितलं की ट्रेनिंग आहे, आणि आपली वही पर्समध्ये टाकून खोली शोधायला निघाल्या. या वेळी स्वतःसाठी.

ज्या गल्ल्यांत त्यांनी इतकी वर्षं मुली पाठवल्या, त्याच गल्ल्यांत त्या आता स्वतः जिने चढत होत्या. मालक ओळखीचे. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. मुलींची चौकशी करायचे. खोली कुणासाठी हे कळलं की मात्र आवाज बदलायचा. कुणी म्हणे, रंगकाम काढायचंय. कुणी म्हणे, पुतण्या येणार आहे राहायला. एका बाईनं तेवढं सरळ सांगितलं. तिच्याकडे भरतीबाईंनी आजवर नऊ मुली धाडल्या होत्या. ती म्हणाली, "भाडं तुम्ही वेळेवर द्याल, त्याची शंका नाही. पण दोन म्हातारी माणसं. उद्या काही झालं तर धावपळ कुणी करायची? मुली बऱ्या, त्या आजारी पडल्या तरी आपल्या पायांनी जातात." भरतीबाई तिथून उतरल्या त्या कठडा धरून. आपण म्हातारी माणसं झालो हे त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. मध्ये दोनदा बस बदलावी लागली. तिथे एका लाकडाच्या वखारीमागे एक शिवणकाम करणारी बाई एकटी राहत होती. तिच्या घराची मागची खोली रिकामी होती, तळमजल्यावर, भाडं झेपेल असं. आसपास दवाखाना नव्हता, पण खिडकी होती आणि खिडकीपलीकडे झाड होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, मला सोबतच हवी आहे, माणसं वयस्क असली तर बरंच. परतीच्या बसमध्ये भरतीबाईंना बसायला जागा मिळाली नाही, कमर ठणकत होती, तरी त्यांचा जीव भांड्यात पडला होता. लेकीला काही कळायची गरज नाही. ती तिथे सुखात राहील. आपण दोघं वखारीमागे राहू, लाकडाचा वास घेत.

त्यांनी घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं, मेट्रनच्या बोलण्यासकट. सर ऐकत राहिले. एरवी त्यांनी वखारीवर दोनतरी विनोद केले असते. ते नुसतं म्हणाले, "जाऊ की." मग उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलेलं होतं.

त्या गप्प बसण्याचा अर्थ चार दिवसांनी कळला. दार वाजलं, भरतीबाईंनी उघडलं, तर दारात लेक. एक ट्रंक, एक पोतं, दोन पिशव्या. ट्रंकेवर तिकडच्या रस्त्याची लाल माती.

झालं होतं असं. सर रक्तदाबाच्या गोळ्या आणायला हॉस्पिटलात गेले होते, तेव्हा त्यांनी नोटीसबोर्डावर कमिटीचा कागद वाचला होता. वाचून त्याच दिवशी त्यांनी लेकीला फोन केला. ये असं म्हणाले नाहीत. नुसता कागद वाचून दाखवला, शब्दन् शब्द, आणि फोन ठेवला. लेकीनं दुसऱ्या दिवशी तिकडे राजीनामा दिला होता.

 भरतीबाईंनी आधी यजमानांकडे बघितलं. ते कपातल्या चहाकडे बघत होते. मग त्या लेकीला म्हणाल्या, निदान विचारायचं तरी होतंस. लेक म्हणाली, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. बाई म्हणाल्या, म्हणालेच असते. आणि मग त्यांनी वखारीमागची खोली, ती शिंपीण, ते झाड असं सगळं एका दमात सांगून टाकलं. लेक ऐकत पोतं सोडत होती. तिनं विचारलं, तिथून बाबांना काही झालं तर हॉस्पिटलात आणायला किती वेळ लागेल.  बाईंनी स्वतःशी तो हिशोब कधीच करून ठेवला होता आणि मनाच्या तळाशी दडपला होता.

"आई," लेक म्हणाली, "तू किती मुलींना इथे बोलावलंस गं. पत्रं लिहिलीस, फोन केलेस. मला एकदाही ये म्हणाली नाहीस."

"त्या माझ्या मुली नव्हत्या," भरतीबाई बोलून गेल्या.

 वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांना ते परक्या माणसानं बोलल्यासारखं ऐकू आलं. लहान आहे पण हवेशीर आहे, असं त्या ज्यांना सांगत आल्या होत्या त्या सगळ्या, प्लॅस्टिकच्या फायली घेतलेल्या, दाराबाहेर वडील उभे असलेल्या, एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी लेकीसाठी चहा टाकला. साखर दोनदा घातली. लेकीनं तो तसाच प्यायला.

मुलाखतीच्या दिवशी ती बाकीच्या मुलींबरोबर बाकावर बसली होती. भरतीबाईंना नियमानं आत बसता येत नव्हतं, त्या दाराबाहेर नावं पुकारत होत्या. लेकीचं नाव त्यांनी आडनावासकट पुकारलं, सगळ्यांचं पुकारतात तसं. ती पाच मिनिटांत बाहेर आली. अशी मुलगी कोण सोडणार? पत्र बाईंनीच टाइप करायचं होतं. त्यांनी ते दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा छापलं.

बाँडच्या कागदावर एक ओळ नवीन होती. क्वार्टरमधली एक खोली दुसऱ्या नर्सबरोबर वाटून घ्यावी लागेल. नोटीसबोर्डावरच्या कागदात ती नव्हती. मेट्रन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कालच घातली. दोन खोल्यांत एकच नर्स राहते हे त्यांना दिसतं. तुम्ही दोघं त्यांच्या मोजणीत नाही आहात." मग वळून म्हणाली, "मी भांडले गं. खरंच भांडले." भरतीबाईंनी मान हलवली. भांडली असणार. पण राजीनामा तिकडे मंजूर झाला होता, शिंपीणबाईंची खोली एव्हाना कुणा दुसऱ्यांनी घेतली होती, आणि लेकीनं पेनाचं टोपण काढलंही होतं.

दुसरी नर्स म्हणून आली ती त्याच दिवशी मुलाखत दिलेली एक उंच, अबोल मुलगी. तिनं खोली शोधायला तीन दिवस घालवले होते आणि पत्र परत करायला आली होती. भरतीबाई तिला क्वार्टर दाखवायला घेऊन गेल्या. आतली खोली, दोन खाटा, ओलीची भिंत. सवयीनं त्या म्हणणार होत्या हवेशीर आहे, पण थांबल्या. म्हणाल्या, "बारा वाजेपर्यंत खिडकी उघडू नकोस, वाफ येते." मुलगी म्हणाली, चालेल मावशी. तिला रडू फुटलं होतं, आनंदानं का थकव्यानं ते बाईंना कळलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषणं असलं काही झालं नाही, कारण त्याच दिवशी पाचवा मजला उघडायचा समारंभ होता. एकदाच्या तेवढ्या नर्सेस जमल्या होत्या. त्यातल्या दोन भरतीबाईंच्या घरात झोपत होत्या. साहेबांनी फीत कापली, मेट्रननं बाईंना ओढून फोटोत उभं केलं. संध्याकाळी क्वार्टरच्या बदलीचा फॉर्म आला. राहणाऱ्याच्या रकान्यात लेकीचं नाव. खाली 'अवलंबित व्यक्ती' असा रकाना होता, त्यात भरतीबाईंनी आधी यजमानांचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणावर अवलंबून असल्याचं कागदावर आलं. सर शेजारी बसून वाचत होते. म्हणाले, "मी तर लग्नापासूनच त्या रकान्यात आहे." ती दोघं खूप दिवसांनी हसली.

पण ते हसू तेवढंच. घराची सगळी घडी बदलली. आतल्या खोलीत दोन मुली, बाहेरच्या खोलीत दोन म्हातारी. महिन्यातले निम्मे दिवस दोघींपैकी एकीची तरी नाइट ड्यूटी असायची. म्हणजे दिवसा झोप. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरात आवाज नको. कुकरची शिट्टी नको, रेडिओ नको, भांडं आपटायला नको. शेजारीण दार वाजवायची तेव्हा बाई धावत जाऊन तिला जिन्यातच गाठायच्या. बातम्या सर वाचून काढायचे, आणि वाचल्यावर काही बोलायचं झालं तर दोघं बाल्कनीत जाऊन बसायची, गुडघ्याला गुडघा लावून, दार ओढून घेऊन. तिथेही हळू आवाजात. एकोणीस वर्षं ज्या घरात मोठ्यानं भांडली, त्याच घरात ती आता चोरपावलांनी वावरत होती.

लेकीला पाचव्या मजल्यावर पुरुषांच्या सर्जरीच्या वॉर्डात टाकलं होतं. चौदा पेशंटांमागे एक नर्स. बाळंतपणाच्या वॉर्डात जागा नाही म्हणाले. जिच्या हातून शेकड्यानं पोरं जगात आली, ती आता ड्रेसिंग बदलत होती आणि नळ्या मोकळ्या करत होती. ती त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. आली की बूट काढायची, जेवायची, झोपायची. मुळात ती बडबडी. फोनवर तासभर बोलायची, अमकीला जुळी झाली, तमकीनं मुलीचं नाव माझ्यावरून ठेवलं. आता एका घरात राहून दिवसाला दहा वाक्यंही होत नव्हती. एकदा भरतीबाईंनी न राहवून विचारलं, तुला पश्चात्ताप होतो का गं. ती म्हणाली, "सात वर्षांतलं सव्वा वर्ष झालं, आई." तिनं उत्तर दिलं का टाळलं, यावर बाई पुढे कितीतरी दिवस विचार करत राहिल्या.

अशाच एका दुपारी भरतीबाईंचा फोन थरथरला. आवाज बंद ठेवायची सवय लागली होती. आत दोघी मुली झोपल्या होत्या. बाई फोन मुठीत धरून बाल्कनीत आल्या. सर तिथे कुंडीतली माती उकरत बसले होते. फोन तिकडच्या डॉक्टरीणबाईंचा होता.

त्यांना लेक नको होती, भरतीबाईच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही इतकी वर्षं भरतीचं काम केलंत, एखादी नर्स सुचवा. तुमची मुलगी गेल्यापासून जाहिरात देतेय, इतक्या आडगावी यायला कुणी तयार नाही. मी एकटी किती धावणार? रात्रीची बाळंतपणं बंद करावी लागलीत. बाया आता जीपमध्ये घालून तालुक्याला नेतात. दोघी वाटेतच मोकळ्या झाल्या. त्यातल्या एकीचं बाळ नाही राहिलं.

भरतीबाईंनी कठडा घट्ट धरला. इकडे पाचवा मजला उघडण्यासाठी तिकडे काय बंद झालं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या नोकरीभर त्या दुसरीकडून मुली ओढूनच आणत होत्या. त्या मुली जिथून उठल्या तिथे कोण उरलं, याची चौकशी कुठल्याच फॉर्मात नव्हती.

"माझ्या ओळखीत आता कुणी नाही हो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

 मग डॉक्टरीणबाईंनी अडखळत विचारलं, "तुम्ही स्वतः? उचलायचं काम नाही सांगणार. नुसती देखरेख. घर तसंच आहे, तुमची मुलगी राहत होती ते. भाडंसुद्धा नको."

भरतीबाईंनी वळून बघितलं. सरांनी खुरपं खाली ठेवलं होतं. फोनमधला आवाज त्यांना ऐकू जात होता हे उघड होतं. "अंगण आहे का अजून, ते विचार," ते कुजबुजले.

बाईंनी विचारलं. होतं.

उद्या सांगते म्हणून त्यांनी फोन ठेवला. घर होतं, अंगण होतं, काम होतं, आणि ते त्यांना येतही होतं. पण आपण उठून गेलो की इथे काय राहतं, हे दोघांनाही न बोलता दिसत होतं. जी दोन माणसं आपल्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून पोरीला बांधून बसली होती, ती तिच्याच जुन्या घरात जाऊन राहणार आणि पोर बाँडापायी पावणेसहा वर्षं इथे ओलीच्या भिंतीशी झोपणार. तिला सोडवून नेता येईल का, हे बाईंनी मागेच मेट्रनला विचारून ठेवलं होतं. बाँड मोडायचा तर जी रक्कम भरायची ती ऐकून त्यांनी तो विषय परत काढला नव्हता.

"तिला सांगायचं?" सरांनी विचारलं.

"झोपून उठू दे," बाई म्हणाल्या.

पाच वाजता लेक उठली. तोंड धुऊन आली, पेला हातात घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं, गालावर उशीचा वळ. भरतीबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं. लेकीनं विचारलं, "काय गं?" तिच्या आवाजात घाई नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "काही नाही. जेवून जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना जमणार नाही म्हणून कळवलं. कारण सांगितलं कमरेचं. लेकीला त्यांनी त्या फोनबद्दल काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पुढच्या वर्षी सहावा मजला उघडायचं ठरलं, तेव्हा मेट्रननं विचारलं, कंत्राटावर येतेस का, पुन्हा भरतीचं टेबल सांभाळायला, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. भरतीबाई नको म्हणाल्या. मेट्रनला वाटलं, कमरेमुळे असेल.

दुपारी त्या बाल्कनीत बसतात. सर पेपरातलं एखादं मजेशीर वाक्य बोटानं दाखवतात, त्या वाचतात आणि मान हलवतात. आत मुली झोपलेल्या असतात.